आरशातला वैरी



अवधूतांनी यदुराजाला सांगितलेले चोवीस गुरू आपल्याला ठाऊक आहेत. भागवताच्या अकराव्या स्कंधातली ही कथा. दत्तभक्त जनार्दनस्वामींचे शिष्य श्रीएकनाथमहाराज यांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या एकनाथी भागवतातून ती आपल्या घराघरांत आली.

त्या चोवीसांत पक्षीही आहेत. कपोत पिलांच्या मोहापायी जाळ्यात सापडला. कुररापाशी मांसाचा तुकडा होता, म्हणून बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने तुकडा टाकला आणि सुटला.

आमच्या चिंचवडच्या सोसायटीतही असा एक गुरू येतो, लालबुड्या बुलबुल. विणीच्या हंगामात मोटारीच्या आरशाला चोची मारत राहतो. दमतो, उडतो, परत येतो. कुणी म्हणतं अपशकुन, कुणी म्हणतं वेडा झालाय. तसं काही नाही. शिंजीर, दयाळ हेही असंच करतात. घरट्याजवळ त्यांना परका पक्षी खपत नाही, अन् आरशातलं बिंब आपलंच आहे हे कळत नाही. हा जितक्या जोरात चोच मारतो, तितक्याच जोरात समोरचाही मारतो. मग भांडण मिटणार कसं?

मी बँकेत काउंटरवर बरीच वर्षं काढली. चाकण पट्ट्यात कारखान्यांसाठी जमिनी गेल्या, मोबदल्याचे चेक आले. सख्खे भाऊ सह्या करायला एकत्र येत, पण एकमेकांकडे बघत नसत. थोरला हळूच म्हणे, "साहेब, धाकट्याला फार हाव सुटलीय." धाकटाही थोरल्याबद्दल तेच म्हणे. शब्दसुद्धा तेच! पैसे कधीच संपले, अबोला मात्र राहिला.

कुररापाशी निदान टाकायला तुकडा तरी होता. बुलबुलासमोर तर वैरीच नाही. आम्ही आरशावर जुनी कापडी पिशवी चढवतो. पक्षी थोडा घुटमळतो आणि आपल्या घरट्याच्या कामाला लागतो. नामस्मरण ही तशीच पिशवी आहे. भावाचा राग आला की माळ हातात घ्यावी, त्याचे दोष मोजणं तेवढं तरी थांबतं.

आपण बहुतेक जण साठी ओलांडलेले. यंदा दत्तजयंतीचा प्रसाद त्या भावाच्या घरी स्वतः घेऊन जा. तो दार उघडेल की नाही, हे महाराजांवर सोपवा. आपली चोच तर थांबेल.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥