निव्वळ हालचाल

हात उचलणे, पाऊल टाकणे, बोटे मिटणे ही कर्मे एरवी कोणाच्या खिजगणतीत नसतात. तीच कथेवाचून व संगीतावाचून चित्रपटात दाखविली, तर त्यांस कला म्हणावे काय? हा प्रश्न ऐकून सावंतवाडीकडील रसिक हसेल, आणि त्याच्या हसण्यास आधार आहे. जत्रेच्या रात्री दशावतारातील संकासुर पुढे आला म्हणजे त्याच्या एकेका उडीमागे सारे पुराण उभे असते. नट आपले तोंड आपणच रंगवितो, लिखित संहितेवाचून रात्र जागवितो. परंतु प्रेक्षक पाहतो तो देव किंवा दैत्य. नटाचा गुडघा दुखत आहे, हे कोणी पाहत नाही. पाहू नये असाच तेथला संकेत. चितारआळीतही तेच. लाकडी फळांचा हुबेहूबपणा आपण वाखाणतो. ती रंगविणाऱ्या मनगटाची आठवण किती गिऱ्हाइकांस होते?

म्हणजे देहास आपण मान देतो तो त्याच्या सोंगाबद्दल किंवा त्याच्या हातून निपजणाऱ्या वस्तूबद्दल, नाहीतर पराक्रमाबद्दल. सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. देहाची हालचाल हाच तिचा विषय खरा. पण तीत हारजीत होतीच.

हे सारे आधार काढून घेतल्यावर काय उरते, हे पाहण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला. १९६६ साली इव्हॉन रेनर ही नर्तिका मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात होती. नाचणे अशक्य; हात तेवढा हलत होता. विल्यम डेव्हिस यांनी तो आठ मिलिमीटरच्या फितीवर टिपला. त्या मूक चित्रपटात एका हाताखेरीज काही नाही. बोटे वाकतात, ताणतात, एकमेकांस घासतात. आपल्या नृत्यांतील मुद्रांस अर्थ असतो; येथे तोही नाही. पुढच्याच वर्षी, अशक्तपणा सरला नसताना, तिने आपले ‘ट्रायो ए’ हे नृत्य लोकांसमोर केले व त्यास दुखण्यातून उठणाऱ्याचे नृत्य असे नाव दिले. ब्रूस नौमन यांनीही १९६७-६८ च्या सुमारास जमिनीवर आखलेल्या चौकोनाच्या कडेने मुरडत चालतानाचे आपलेच चित्रण केले. त्यात आम्हांस चातुर्य अधिक व निकड कमी दिसते.

रेनरबाईंच्या हातास निकड आहे. पक्षाघाताने अंथरुणास खिळलेले वडीलधारे माणूस ज्या घरात आहे, तेथे हा प्रश्न केवळ कलेचा राहत नाही. “आता त्यांच्याने काय होते?” असे पाहुणा विचारतो, आणि घरचे “काही नाही” म्हणून मोकळे होतात. त्या वेळी आतल्या खोलीत एक बोट चादरीवर हळूहळू सरकत असते. ते सरकणे कोणी नीट पाहिले आहे काय?

मात्र एक भेद सांभाळला पाहिजे. रेनरबाईंनी आपला हात आपल्या इच्छेने कॅमेऱ्यापुढे धरला. खिशाखिशांत कॅमेरा असण्याच्या या काळात असहाय माणसाचे कंपन त्यास न विचारता टिपणे व चारचौघांत दाखविणे सहज घडते. त्यास कोणी प्रयोग म्हटले, तरी आम्ही म्हणणार नाही.

वयोमानाने थकलेल्या एखाद्या दशावतारी नटास उद्या कोणी विनविले की, रंग न लावता, मुकुट न चढविता, नुसता हात हलवा, तर तो तयार होईल काय? बहुधा तो प्रथम विचारील, हा हात कोणत्या देवाचा. आणि विचारता विचारता त्याची बोटे आपोआप गदेची मूठ वळतील.