वजन कुणाचं, कर्म कुणाचं?

लठ्ठ माणूस दिसला की मनात पहिला शब्द येतो तो ‘असंयम’. गीतेने युक्त आहार सांगितला, संतांनी जिभेला आवर घालायला सांगितलं. तेव्हा पोट सुटलं म्हणजे माणूसच कुठेतरी ढिला पडला, असा आपला हिशेब. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वजन जास्त भरलेल्या बायकांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये जवळपास २१ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये २४ टक्क्यांवर गेलं. चार-पाच वर्षांत लाखो बायकांचा संयम एकदमच सुटला, हे काही पटत नाही. त्याहून अवघड पुरावा पुण्याजवळचा आहे. तिथल्या सहा गावांत १९९३पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गरोदर बायका आणि त्यांची बाळं अभ्यासली. आया काटकुळ्या. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. अंगावर मांस नाही, पोट लहान. पण खांद्याच्या फऱ्याखालची कातडी कॅलिपरच्या चिमट्यात धरली, तर चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुढच्या मधुमेहाची बीजं याज्ञिकांना या ठेवणीत दिसतात. या बाळाने कुठला नेम मोडला? न केलेल्या कर्माचं फळ भोगावं लागणं याला आपले शास्त्रकार ‘अकृताभ्यागम’ म्हणतात, आणि तो दोष मानतात. इथे तर आईच्या उपासमारीचं फळ लेकराच्या अंगावर आहे.

कुणी म्हणेल, आजोबाही अशाच उपाशी पोटी जन्मले, त्यांचं पोट कुठे सुटलं? पण आजोबा पायी चालत, घरात तेल पळीने मोजून पडे, गोडधोड सणावारी होई. उपासाचा दिवसही पंचांग ठरवी आणि घर पाळी. एकट्याच्या निग्रहावर फारसं काही सोडलेलं नव्हतं. (‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण काही आजच्या डॉक्टरांनी रचलेली नाही, हेही खरं.) शिवाय कित्येक घरांतला संयम म्हणजे निव्वळ रिकामा डबा होता, त्याला पुण्याई म्हणू नये.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: सगळं प्रारब्धावर ढकललं तर सकाळी फिरायला जाईल कोण? पण प्रारब्ध मानलं म्हणून क्रियमाण, म्हणजे आज हातून घडणारं कर्म, सुटत नाही. ते खाणाऱ्याचं आहेच. शाळेच्या फाटकाशी पाच रुपयांच्या चिप्सच्या माळा टांगणाऱ्यांचं आहे. आणि पोटुशी सुनेने सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं जेवावं ही रीत ज्या घरांनी चालवली, त्यांचंही आहे. त्या घरांत जिभेच्या संयमावरची प्रवचनं मात्र भक्तिभावाने ऐकली जातात.