वाफेच्या एंजिनाची उमेदवारी

इंग्लंडातील ज्या डार्लिंग्टन गावाचे नाव 1825 साली सुरू झालेल्या स्टॉकटन–डार्लिंग्टन रेल्वेमुळे आगगाडीच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले, त्याच गावी 2008 साली 'टॉर्नेडो' नावाचे एक नवेकोरे वाफेचे एंजिन बांधून पुरे झाले. त्या जातीची 49 एंजिने दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील रेल्वेने बांधली होती. 1966 पर्यंत त्यांतील शेवटचेही भंगारात निघाले आणि नमुन्यादाखल एकही उरले नाही. ही उणीव ज्यांच्या मनाला लागून राहिली अशा काही मंडळींनी 1990 साली पन्नासावे एंजिन आपणच बांधावे असा संकल्प सोडला, आणि सामान्य लोकांच्या नियमित वर्गणीवर भिस्त ठेवून अठरा वर्षांनी तो तडीस नेला. जुने आराखडे सापडले, पोलादाला तोटा नव्हता, पैसाही हळूहळू उभा राहिला. परंतु बॉयलर मात्र जर्मनीतील मायनिंगेन येथील कारखान्यातून करवून आणावा लागला, कारण एवढ्या आकाराचा बॉयलर घडविण्याची सिद्धता स्टीव्हन्सनच्या मायदेशात उरली नव्हती. मायनिंगेनला ती उरली याचे कारणही सरळ आहे. पूर्व जर्मनीत वाफेची एंजिने 1980 नंतरही काही वर्षे कामावर होती, त्यामुळे तेथील कारागिरांचे हात कधी थांबलेच नाहीत.

जुन्या एंजिनांच्या जतनाविषयी जो जो विचार करू जाईल, त्याने प्रथम या एका दाखल्यापाशी थांबावे असे मला वाटते. लोखंड टिकविणे फारसे अवघड नाही. छपराखाली ठेवून वेळोवेळी रंगाचा हात दिला, तर ते दोनशे वर्षेही उभे राहील. परंतु ते लोखंड चालते कसे, बिघडते कोठे, आणि बिघडण्यापूर्वी कोणती सूचना देते, हे ज्ञान कोणत्याही छपराखाली साठविता येत नाही. ते माणसाच्या हातांत, कानांत आणि नाकात राहते, आणि त्या माणसाबरोबरच जाते. मात्र त्याच्याजवळ दुसरा कोणी, वयाने लहान आणि अंगाने काटक असा, काही वर्षे उभा राहिला असेल तर गोष्ट वेगळी.

हे किती अक्षरशः खरे आहे ते बॉयलरपाशी उभे राहिल्यावर कळते. वाफेच्या एंजिनात आतली अग्निपेटी आणि तिच्या भोवतीचे बाहेरचे कवच यांच्यामध्ये पाणी खेळते, आणि वाफेचा प्रचंड दाब या दोन्ही पत्र्यांना एकमेकांपासून दूर रेटत असतो. त्यांना धरून ठेवण्याचे काम शेकडो लहान लहान धातूच्या दांड्या करतात, ज्यांना कारखान्यात 'स्टे' म्हणतात. यांपैकी एखादा स्टे आतल्या आत तुटला, तर बाहेरून पाहणाराला त्याचा मागमूस लागत नाही. म्हणून जाणता बॉयलरवाला थंड झालेल्या अग्निपेटीत वाकून शिरतो, हातोडीने एकेका स्टेच्या टोकावर हलकेच ठोका देतो, आणि नुसत्या नादावरून शाबूत कोणता व तुटका कोणता हे सांगतो. शाबूत स्टेचा नाद खणखणीत, तुटक्याचा बद्द. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेले असते. पण बद्द म्हणजे नेमका किती बद्द, हे शिकण्यासाठी तंबोऱ्याची जवारी लावताना शिष्याने गुरूशेजारी बसावे तसे त्या काळोख्या पेटीत गुडघे मोडून बसावे लागते, चुकीचा स्टे दाखवावा लागतो, आणि 'पुन्हा ऐक' असे म्हणणारा कोणीतरी शेजारी असावा लागतो.

फायरमनच्या कामाचेही तेच. कोळसा आत टाकणे म्हणजे नुसती मजुरी अशी बाहेरच्यांची समजूत असते. वस्तुतः पुढे चढ किती आहे, आग कोठे पातळ पडली आहे, पाण्याची काच काय दाखविते, आणि चढ संपून उतार लागताच तेच पाणी पुढे सरकून अग्निपेटीचा माथा उघडा पडेल की काय, या सर्वांचा हिशेब करून तो एक फावडे टाकीत असतो. माथ्यावरचे पाणी हटले, तर तेथे बसविलेला शिशाचा प्लग वितळून वाफ आगीवर सुटते आणि धोक्याची वर्दी मिळते. ती वेळ आपल्या हयातीत येऊ नये इतकी दक्षता अंगी बाणणे, हे त्या शिक्षणाचे पहिले फळ. म्हणूनच रेल्वेचा जुना शिरस्ता असा होता की, माणसाने आधी क्लीनर म्हणून चिंध्या आणि तेल घेऊन एंजिन पुसावे, मग फायरमन व्हावे, आणि बऱ्याच वर्षांनी ड्रायव्हरच्या बाजूला जावे. ज्याने प्रत्येक सांधा आपल्या हाताने पुसला, त्याला कोणता सांधा ढिला होत चालला आहे हे सांगावे लागत नसे.

आता ही माणसे कोणत्या वयाची आहेत ते पाहा. ब्रिटनमध्ये मुख्य रेल्वेवरील वाफेचा अंमल 1968 च्या ऑगस्टात संपला. त्या वेळी विशीत असलेला फायरमन आज ऐंशीच्या घरात आहे. आपल्याकडे रुंद रुळांवरची वाफ 1995 च्या अखेरीस थांबली, म्हणजे ज्यांनी अगदी शेवटच्या काळात तरुणपणी फावडे हाती घेतले तेही आता निवृत्त झालेले किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले आहेत. शिकविणारे अजून हयात आहेत आणि अजून काही काळ राहतील. एवढी एक मुदत आपल्या हाती आहे.

या विषयावर बोलताना वडीलधारी मंडळी एक गोष्ट विसरतात, आणि तिचा विसर मला फार खटकतो. जुन्या एंजिनांचे प्रेम हा उतारवयाचा छंद आहे असे आज दिसते खरे. पण ही चळवळ उभी करणारे लोक म्हातारे नव्हते. 1951 साली वेल्समधील टॅलिथ्लिन ही खाणीच्या दगडासाठी बांधलेली अरुंद रेल्वे स्वयंसेवकांनी चालवावयास घेतली, तो या सर्व उपक्रमाचा आरंभ. परंतु त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी, 1960 च्या जूनमध्ये, लीड्स शहरातील मिडलटन रेल्वे हाती घेणारे होते लीड्स विद्यापीठातील विद्यार्थी आणि त्यांचे एक अध्यापक. त्याच वर्षीच्या ऑगस्टात ससेक्समधील ब्लूबेल रेल्वे सुरू झाली. तिच्याही मुळाशी काही विद्यार्थ्यांचाच उत्साह होता. पुढे वेल्समधील बॅरी येथील भंगाराच्या आवारातून एकामागून एक 213 एंजिने लोकांनी विकत घेऊन सोडविली, गंजलेली, कित्येक सुटे भाग गेलेली, आणि पुष्कळांना पुन्हा चालते केले. त्यांच्यापाशी अनुभव नव्हता, पैसा तर नव्हताच. होता तो फक्त कोणाची परवानगी न मागता काम अंगावर घेण्याचा वयसुलभ धीटपणा. त्या धीटपणाला त्या काळच्या समाजाने वाव दिला. आज त्यांतल्याच एखाद्या रेल्वेवर सोळा वर्षांचा मुलगा आला, तर त्याच्या हाती प्रथम फडके द्यावे की माहितीपत्रकांचा गठ्ठा, याचा निर्णय करताना विश्वस्त मंडळी माहितीपत्रकांकडे वळतात, असे मला दिसते.

यात सगळा दोष त्यांचाच आहे असे नव्हे. ब्रिटनमध्ये 1920 साली स्त्रिया, तरुण आणि बालके यांच्या नोकरीविषयी एक कायदा झाला. कारखान्यांत आणि खाणींत मुलांची जी पिळवणूक होत होती तिला आळा घालणारा तो कायदा होता आणि त्याची आवश्यकता वादातीत होती; परंतु रेल्वे हाही औद्योगिक व्यवसायच ठरल्यामुळे शाळकरी वयाच्या मुलाने हौसेने, विनावेतन, शनिवारी सकाळी एंजिन पुसणेदेखील त्याच्या कक्षेत आले. या अडचणीचा विचार पार्लमेंटातील सभासदांच्या एका गटालाही करावा लागला आणि 2018 साली त्यांनी तरुणांच्या सहभागाविषयी अहवाल सादर केला. मुलाला धोक्यापासून दूर ठेवणे आणि धोका ओळखावयास शिकविणे या दोन्ही गोष्टी समाजाने केल्या पाहिजेत, आणि दुसरी गोष्ट जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली जितक्या कोवळ्या वयात होईल तितकी पक्की होते, अशी माझी धारणा आहे. हे सांगताना सुरक्षिततेची तमा मी जराही कमी करीत नाही. बॉयलरपुढे उभे राहिलेल्या माणसाला ती तशी कमी करताच येत नाही.

तरुणांना या एंजिनांकडे काय खेचील याविषयीही आपला अंदाज बहुधा चुकतो. आपण त्यांना आपल्या आठवणी देऊ पाहतो: मामाच्या गावाला जाताना डोळ्यांत गेलेला कोळशाचा कण, रात्रीच्या स्थानकातील शिट्टी, पाण्याच्या सोंडेखाली थांबलेली गाडी. या आठवणी आपल्याला प्रिय आहेत, पण त्या त्यांच्या नाहीत, आणि दुसऱ्याच्या आठवणींवर कोणाचे प्रेम जडत नाही. जे त्यांचे होऊ शकते ते असे की, आजच्या जगात त्यांच्या हाती येणारे प्रत्येक यंत्र बंद पेटीत असते. ते चालते, थांबते, पण का, हे ते कोणाला सांगत नाही. वाफेचे एंजिन काही लपवीत नाही. आग दिसते, पाणी दिसते, दट्ट्याचा दांडा पुढे-मागे होताना दिसतो, त्याला जोडलेले चाक फिरताना दिसते. आणि आपण टाकलेल्या कोळशाचा परिणाम काही मिनिटांत दाबाच्या काट्यावर उमटतो. ज्या मुलाला आपल्या कृतीचे फळ इतक्या उघडपणे कधी पाहावयास मिळाले नाही, त्याच्यावर या अनुभवाची जी पकड बसते ती दुसऱ्या कशाने बसणार नाही. त्यासाठी त्याला खरे काम मात्र दिले पाहिजे, जे चुकले तर गाडी सुटणार नाही असे.

आपल्या देशात या बाबतीत संपत्ती थोडी नाही. लीड्सच्या ज्या हन्सलेट भागात मिडलटन रेल्वे आहे, तेथेच किटसन यांच्या कारखान्यात 1855 साली घडलेले 'फेअरी क्वीन' हे एंजिन 1909 साली सेवेतून उतरले आणि 1997 साली दिल्ली–अलवर मार्गावर पुन्हा धावले; 1998 साली नियमित सेवेतील जगातील सर्वांत जुने वाफेचे एंजिन म्हणून त्याची नोंद झाली. हरियाणातील रेवाडीला 1893 साली बांधलेले शेड आज वाफेच्या एंजिनांचे घर म्हणून राखलेले आहे. दार्जिलिंगच्या गाडीला 1999 साली आणि नीलगिरीच्या गाडीला 2005 साली जागतिक वारशाचा मान मिळाला; आणि विशेष म्हणजे नीलगिरीच्या दातेरी रुळांसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने या शतकात नवी वाफेची एंजिने बांधली. डार्लिंग्टनला जे परदेशातून आणावे लागले ते येथे घरच्या घरी होऊ शकले, ही अभिमानाची गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. परंतु आपल्याकडे ही सर्व एंजिने सरकारी दप्तरात आहेत. त्यांच्याजवळ जाण्याची मुभा फक्त नेमलेल्या कर्मचाऱ्याला, आणि तो कर्मचारी हाताला वळण लागते न लागते तोच बदली होऊन डिझेल किंवा विजेच्या शेडमध्ये जातो. विलायतेत तरुण नाहीत म्हणून काळजी. येथे तरुण फाटकाबाहेर उभे आहेत आणि फाटक उघडण्याची तजवीज कोणी केलेली नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर माझ्या डोळ्यांपुढे नेरळ येते. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी 1907 साली पुरी केलेल्या माथेरानच्या दोन फुटी रेल्वेसाठी जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कोपेल यांनी जी लहान, वळणांना सरावलेली एंजिने बांधून दिली, त्यांतील क्रमांक 740 चे आज इंग्लंडात लेटन बझर्ड येथे जतन झाले आहे, आणि तेथे त्याची निगा स्वयंसेवक राखतात. त्याच रेल्वेची आठवण म्हणून आपल्याकडे जे लोखंड उभे आहे, त्याच्या पायरीवर मुले चढतात, छायाचित्र काढून घेतात आणि उतरतात. पायरीवर चढलेल्या मुलाने आत काय आहे असे विचारले, तर उत्तर देणारा तेथे कोणी नसतो. कुर्डुवाडीचीही हीच कथा. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांच्या 1897 साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेने पुढे अडीच फुटी रुळांवर पंढरीच्या वारकऱ्यांची जी ने-आण केली, तिच्यावरून जगातील अरुंद रेल्वेच्या बांधणीने धडा घेतला. पण कुर्डुवाडीच्या परिसरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचे काम शिकणाऱ्या मुलाला ही गोष्ट ठाऊक असेल अशी मला आशा वाटत नाही.

कोळशाचा आक्षेप येथे कोणी घेईल, आणि तरुणच प्रथम घेतील. त्यांनी तो घ्यावा. ब्रिटनमधील जतन केलेल्या रेल्वेंना कोळसा पुरविणारी वेल्समधील मोठी खाण 2023 साली बंद झाली, तेव्हापासून हा प्रश्न तेथे तत्त्वाचा न राहता रोजच्या व्यवहाराचा झाला आहे. नीलगिरीवर तेलाने पेटणारी एंजिने आहेत. उद्या कोणते इंधन वापरावे याचा शोध घेण्याचे काम या पिढीकडेच सोपविणे उचित, कारण धुराची खंत तिला आपल्यापेक्षा अधिक आहे आणि प्रयोगाची हौसही.

नेरळपुरती माझी सूचना लहान आहे. नेरळहून वर जाणारी गाडी पावसाळ्यात बंद असते. त्या चार महिन्यांत एका एंजिनाचे काम चालते करण्याच्या निश्चयाने उघडावे. कर्जत, नेरळ आणि आसपासच्या वाड्यांतील मुलामुलींमधून दरवर्षी पाच-सहा जणांना रीतसर उमेदवार म्हणून, विद्यावेतनासह घ्यावे. आणि भुसावळ, कल्याण, मिरज अशा जुन्या शेडांतून निवृत्त झालेले फायरमन, ड्रायव्हर व बॉयलर मिस्त्री यांना मानधन देऊन बोलवावे. पहिल्या वर्षी नळ्या उतरविणे, बॉयलर धुणे आणि स्टे ठोकून पाहणे एवढेच झाले तरी पुरे. त्या निवृत्तांची नावे आणि गावे रेल्वेच्या निवृत्तिवेतनाच्या दप्तरात आज मिळू शकतात. ती यादी करण्याचे काम येत्या पावसाळ्यापूर्वी कोणीतरी हाती घ्यावे.