सतरा अणूंचं गॅलियम

पुणे

चि. सायली,

आयसरच्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकावर तुला खातं मिळाल्याचं ताईकडून कळलं. आनंद झाला. आता रात्रंदिवस जॉब टाकशील. त्याआधी म्हाताऱ्या मामाचं एवढं ऐक.

संगणकावर पदार्थांचं वर्तन मांडण्याच्या तुमच्या विषयातली उतरंड तुला माहीत आहे. तळाशी इलेक्ट्रॉनांचं गणित. त्यात जेमतेम काहीशे अणू मावतात. त्यावरून अणूंमधल्या बलांचं सोपं सूत्र बेतायचं, मग लाखो अणू हलवता येतात. त्याच्याही वर अणू विसरून पदार्थ सलग धरायचा. घोळ होतो तो या पायऱ्यांच्या सांध्यांवर. २०१३चं रसायनशास्त्राचं नोबेल कारप्लस, लेव्हिट आणि वॉर्शेल यांना मिळालं तेही अशा सांधेजोडीसाठीच. आकडा वरच्या पायरीला देताना आपण काय गाळलं, हे बहुतेक जण लिहून ठेवत नाहीत. तू ठेव.

उदाहरण गणेशखिंडीतल्या पुणे विद्यापीठातलंच घे. गॅलियम ३०३ केल्विनला वितळतं. पुण्याच्या एप्रिलात टेबलावर ठेवलंस तर पाणी होईल. सोन्याचा कण काही नॅनोमीटरचा केला की त्याचा वितळणबिंदू खाली येतो, कारण पृष्ठभागावरच्या अणूंना शेजारी कमी. त्या हिशेबाने गॅलियमचे पुंजके आणखी लवकर वितळायला हवेत. २००३ साली अमेरिकेत जॅरोल्ड यांच्या गटाने मोजलं, तर उलटंच निघालं. पुढच्याच वर्षी पुणे विद्यापीठातले चाको, कविता जोशी, दिलीप कान्हेरे आणि फ्रान्सचे ब्लंडेल यांनी इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरून गणित केलं. १७ अणूंचा पुंजका ६५० केल्विनच्या आसपास वितळतो, १३ अणूंचा तर १४००च्या! मोठ्या तुकड्यात बंध थोडे धातूचे, थोडे सहसंयुज. पुंजक्यात मुख्यतः सहसंयुज.

आता मोठ्या तुकड्यावर बेतलेलं सूत्र कुणी या पुंजक्याला लावलं असतं तर? संगणकाने बिनतक्रार उत्तर दिलं असतं, आलेखही देखणा आला असता. बदललेला बंध सूत्रातच नाही, तर दिसणार कुठून? आणि ३० अणूंचे ३१ केले तरी वितळण्याची तऱ्हा पालटते, हेही याच विद्यापीठातून पुढे आलं. तेव्हा दोन बिंदूंवरून रेघ ओढत सुटू नकोस.

वेळेचंही तसंच. अणू हलवण्याची एक पायरी साधारण एका फेम्टोसेकंदाची. एक मायक्रोसेकंद गाठायला शंभर कोटी पायऱ्या लागतात. तेवढ्या काळात पडद्यावर जे घडलं नाही, ते घडतच नाही असं प्रबंधात लिहू नकोस.

आयसरच्या शेजारीच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आहे. तिथे प्रत्यक्ष मोजणाऱ्यांशी ओळख कर, त्यांची कुरकुर ऐक. आणि पहिला अहवाल गाईडना देण्याआधी प्रत्येक सांध्यावर काय गाळलंस त्याची यादी मला पाठव. आलेख मागाहून आले तरी चालतील.

तुझा,
मामा