सहा महिन्यांचं प्रारब्ध

‘आमच्या घराण्यातच बीपी आहे,’ असं पेशंट डॉक्टरांना सांगतो, तेव्हा त्यात अर्धी माहिती असते आणि अर्धी शरणागती. आईला होतं, मामा त्यातच गेला, आता आपली पाळी. मग गोळी पंधरा दिवस घ्यायची, डोकं दुखायचं थांबलं की सोडायची आणि पुढचं नशिबावर घालायचं.

ज्या जिल्ह्यात नेवासं आहे, तिथे नशिबाचा हा प्रश्न नुसता दवाखान्याचा राहत नाही. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, प्रवरेकाठच्या या गावात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्ञानेश्वर ज्याला टेकून बसत असं मानतात, तो पैस खांब आजही तिथे उभा आहे. परंपरा सांगते, की संन्यास सोडून संसारात परतलेल्या बापाची मुलं म्हणून ज्ञानेश्वर आणि त्यांच्या तीन भावंडांना वाळीत टाकलं होतं आणि शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणपर्यंत जावं लागलं. कर्म बापाचं, शिक्षा लेकरांना. खरं तर शास्त्राचा सिद्धान्त याच्या उलट आहे: ज्याचं कर्म, त्याचाच भोग. समाजाने मात्र आपल्या सोयीने दोन्ही चालवून घेतलं.

वेदान्त कर्माचे तीन भाग पाडतो. साठलेलं ते संचित, आता करतो ते क्रियमाण आणि ज्याच्यामुळे हे शरीर मिळालं ते प्रारब्ध. ज्ञानाने संचित जळतं, प्रारब्ध मात्र भोगूनच सरतं. शंकराचार्यांनी यासाठी सुटलेल्या बाणाचा दाखला दिला आहे. लक्ष्य चुकीचं होतं हे धनुर्धराला नंतर कळलं, तरी वेग संपेपर्यंत बाण जाणारच.

रक्तदाबाचा बाण मात्र वाटेत अडवण्याची खटपट आता चालू आहे. यकृत अँजिओटेन्सिनोजेन नावाचं प्रथिन बनवतं. मूत्रपिंडातून आलेलं रेनिन त्याचा एक तुकडा पाडतं, त्या तुकड्यावर पुढे आणखी एक कात्री चालते आणि तयार झालेलं रसायन रक्तवाहिन्या आवळतं, शरीराला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं. एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारख्या रोजच्या गोळ्या या साखळीच्या शेवटच्या टप्प्यांवर काम करतात. ‘झिलेबेसिरान’ हे अल्नायलम या अमेरिकी कंपनीचं इंजेक्शन थेट उगमाशी जातं. प्रथिन बनण्याआधी जनुकावरून आरएनएची एक प्रत निघते. इंजेक्शनातला आरएनएचा चिमुकला तुकडा नेमकी ती प्रत हेरतो आणि पेशीचीच यंत्रणा ती कापून टाकते. या तुकड्याला विशिष्ट शर्करा जोडलेली असते, म्हणून यकृताच्या पेशी त्याला आत घेतात. पेशीची ही मूळ करामत अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी 1998 साली एका सूक्ष्म कृमीत उलगडून दाखवली आणि 2006 चं नोबेल मिळवलं.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्याच्या निष्कर्षांत 200 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त औषधाच्या एकाच मात्रेने वरचा रक्तदाब 10 मिलिमीटरहून जास्त उतरला आणि परिणाम 24 आठवडे टिकला. औषध अजून चाचण्यांत आहे, दुकानात नाही.

यात जनुकाला कुणी हात लावत नाही. आईकडून आलेलं आहे तसंच राहतं, फक्त त्याचं म्हणणं काही महिने अमलात येत नाही. तेव्हा ‘विज्ञानाने प्रारब्ध पुसलं’ असं म्हणणं उतावीळपणाचं होईल. उलट एक नवा बाण सुटला, असं म्हणायला जागा आहे. जुलाब लागले, उन्हाने अंगातलं पाणी आटलं, अपघातात रक्त गेलं, की रक्तदाब कोसळतो. अशा वेळी डॉक्टर गोळी दोन दिवस बंद ठेवू शकतात. इंजेक्शन मागे घेता येत नाही. दिवस गेले तर या वर्गातल्या गोळ्या तातडीने थांबवाव्या लागतात, कारण पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला त्या अपायकारक ठरतात. सहा महिन्यांच्या मात्रेला कसं थांबवणार? परिणाम उलटवण्याचे उपाय संशोधकही शोधतात, ते उगाच नाही.

कर्मसिद्धान्ताची खरी कोंडी मात्र पुण्यात झालेल्या एका प्रयोगाने होते. तिथे उंदरांच्या 50 पिढ्या अर्धपोटी वाढवल्या गेल्या. आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये मांडलं, की नंतर दोन पिढ्या पोटभर खाऊनही मधुमेहाकडचा कल गेला नाही आणि इन्सुलिनच्या जनुकावरच्या रासायनिक खुणाही बदललेल्या होत्या. म्हणजे जनुक दाबून ठेवण्याचं काम निसर्ग स्वतःही करतो, आणि त्यासाठी उपास कुणा दुसऱ्याचा चालतो. उंदराचं सरसकट माणसाला लावता येत नाही हे खरं. तरीही दुष्काळ पाहिलेल्या जिल्ह्यात ‘हे तुझं पूर्वकर्म’ असं कुणाला सुनावण्याआधी त्याच्या आजीच्या ताटात काय पडत होतं, हे विचारणं जास्त न्यायाचं.

1970 साली याच जिल्ह्यातल्या जामखेडला आलेल्या डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी कर्मावर शास्त्रार्थ केला नाही. त्यांनी गावोगावच्या, बहुतेक दलित आणि निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. आजार म्हणजे देवीचा कोप मानणाऱ्या गावात दंडाला पट्टा गुंडाळायचा, फुगा दाबायचा, हवा हळूहळू सोडत कोपराच्या खळगीतले ठोके ऐकायचे, पहिला ठोका येतो तो वरचा आकडा, ठोके बंद होतात तो खालचा. नशिबाला असा मोजता येणारा आकडा मिळाला, की त्याच्याशी वाद घालता येतो.

उद्या हे इंजेक्शन आलंच, तर त्याचा कस याच भागात लागेल. पाथर्डी-जामखेडची ऊसतोड टोळी दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघते ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परतते, म्हणजे साधारण एका मात्रेइतका काळ. फडात गोळ्यांची पाकिटं हरवतात, संपतात, आणायला वेळ नसतो, म्हणून निघण्याआधीची एक सुई फार सोयीची. पण त्याच फडात पाणी कमी, ऊन जास्त आणि दवाखाना लांब. सुई टोचण्याआधी टोळीतल्या बाईला विचारावं लागेल: मूल हवंय का, कारखाना कुठला, चक्कर आली तर मुकादम गाडी देईल का?