वाऱ्याची वाटणी

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. पाच दिवसांची, ४३७ किलोमीटरची सायकल शर्यत, देशोदेशीचे व्यावसायिक स्वार. त्यातला एक टप्पा पुरंदर ते बारामती असा होता. मी आणि थोरला भाऊ नाना निफाडहून तिकडे बहिणीकडे गेलो होतो. भाचा म्हणाला, “चला मामा, बघून येऊ.”

दोन तास रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. शाळेची पोरं झेंडे घेऊन, बाया डोक्यावर पदर घेऊन. आधी पोलिसांच्या मोटारसायकली गेल्या, मग गाड्या. आणि एकदम मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा आवाज करत सगळा घोळका पुढून निघून गेला. अर्धा मिनिटसुद्धा नाही.

“संपलं? एवढ्यासाठी उन्हात उभं केलं व्हय रे?” नाना म्हणाला.

भाच्याने समजावलं. पुढचा गडी वारा अंगावर घेतो, त्याच्या आडोशाने मागच्याची निदान पाव-तिसरा हिस्सा ताकद वाचते. संघातले बाकीचे वारा झेलतात, पाण्याच्या बाटल्या आणून देतात, म्हणजे त्यांचा एक गडी शेवटी ताज्या पायांनी जिंकावा.

“मंग वारा झेलणाऱ्याला काय मिळतं?” नानाने विचारलं.

“नाव जिंकणाऱ्याचंच होतं. पण बक्षिसाचे पैसे तो सगळ्यांत वाटतो, तशी रीतच आहे.”

“मंग बराबर हाये,” नाना म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

माझ्या मात्र पोटात कालवलं. आमच्या वस्तीवरून निफाडची शाळा सात किलोमीटर. थंडी अशी, की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागायच्या. नाना शाळा सोडून बागेत राबायचा, आणि सकाळी मला डबलसीट सोडायला यायचा. वारा त्याच्या छातीवर, मी त्याच्या पाठीआड. मी मास्तर झालो, आता पेन्शन खातो. आणि मागच्या दिवाळीत वाटणीला बसलो तेव्हा मीच म्हणालो होतो, “कायद्याने आपल्या दोघांचा वाटा सारखाच.”

दोघा भावांपुरतं ते कायद्याने बरोबरच आहे. पण कायदा सातबाऱ्यावरची नावं मोजतो, वारा मोजत नाही. आणि मीही मेहनत केली होती, अभ्यास काही नानाने केला नव्हता. मग माझं किती, त्याचं किती? याचा हिशेब मला अजून जमलेला नाही.

परतीच्या एसटीत खिडकीतून गार वारा यायला लागला. नानाने न बोलता मला आतल्या बाजूला सरकवलं आणि स्वतः खिडकीशी बसला. वाटणीचा कागद अजून कपाटात आहे. माझी सही बाकी आहे.