लोकनियुक्त अंकुश आणि पोलिसांचे स्वातंत्र्य

पोलिसांवर निवडून आलेल्या माणसांचा अंकुश असावा की नसावा, या प्रश्नामागे दोन तत्त्वे एकमेकांना भिडलेली असतात. ज्यांच्यावर सत्ता चालते त्यांची त्या सत्तेला संमती हवी, हे पहिले. कायद्याने माणूस पाहून चालू नये, हे दुसरे. अटक, झडती आणि बळाचा वापर हे अधिकार नागरिकाच्या देहापर्यंत पोचतात, म्हणून ते लोकांना उत्तरदायी असले पाहिजेत. मात्र लोक म्हणजे व्यवहारात बहुमत, आणि बहुमताला नावडती माणसे असतात. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात कठोर, सौम्य आणि यथायोग्य दंड यांतला फरक सांगितला. तो सांभाळण्यासाठी त्याने भर दिला राजाच्या शिक्षणावर आणि इंद्रियजयावर. लोकशाहीत सत्ता लाखो मतदारांत वाटलेली असते. त्या सर्वांच्या इंद्रियजयावर विसंबता येत नाही, त्यामुळे संयम संस्थांच्या रचनेतच घालावा लागतो.

ही रचना कशी असावी, याचा सर्वांत बोलका प्रयोग इंग्लंड आणि वेल्समध्ये झाला. तेथील शहरांत १८३५ च्या कायद्यापासून नगरसेवकांच्या ‘वॉच कमिट्या’ पोलीस दल चालवत. नेमणूक, बढती, बडतर्फी हे सारे त्यांच्या हाती होते. व्यवस्था स्थानिक होती आणि बराच काळ चालली, पण १९५९ मध्ये नॉटिंगहॅम शहरात तिची मर्यादा उघडी पडली. तेथील पोलीसप्रमुख ॲथलस्टन पॉपकेस हे महापालिकेच्याच काही सदस्यांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करत होते. कमिटीने त्या चौकशीचा अहवाल मागितला, त्यांनी तो देण्यास नकार दिला, आणि कमिटीने त्यांना निलंबित केले. गृहमंत्री रॅब बटलर यांनी हस्तक्षेप केल्यावर ते पुन्हा पदावर आले. ज्यांची चौकशी चालू आहे त्यांच्याच सहकाऱ्यांकडे चौकशी करणाऱ्याची नोकरी असावी का, या पेचातून पुढे रॉयल कमिशन नेमले गेले आणि १९६४ चा पोलीस कायदा आला. अधिकार गृहमंत्री, स्थानिक पोलीस प्राधिकरण आणि पोलीसप्रमुख अशा तिघांत वाटले गेले.

पोलिसांच्या स्वातंत्र्याचा सिद्धांत ठाशीव शब्दांत मांडला तो न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी, १९६८ च्या ब्लॅकबर्न खटल्यात. अमुक माणसावर खटला भर किंवा भरू नको असे कोणताही मंत्री वा स्थानिक प्राधिकरण पोलीसप्रमुखाला सांगू शकत नाही, तो केवळ कायद्याला बांधील आहे, असा त्यांचा आशय होता. हा भाग पुढे इतक्यांदा उद्धृत झाला की त्याच निकालाचा दुसरा भाग झाकला गेला. लंडनमधील क्लबांतला जुगार पोलीस धोरण म्हणून दुर्लक्षित करत आहेत, अशी तेथे तक्रार होती. कायद्याचा एखादा भाग अमलातच आणायचा नाही असे पोलिसांनी ठरवले, तर न्यायालय त्यात लक्ष घालू शकते, हेही त्या निकालात मान्य झाले. म्हणजे पोलिसांचे स्वातंत्र्य मोठे होते, पण निरंकुश नव्हते.

२०११ च्या कायद्याने स्थानिक प्राधिकरणे मोडीत काढून ‘पोलीस आणि गुन्हे आयुक्त’ हे लोकनियुक्त पद निर्माण केले. हा आयुक्त गणवेशातला अधिकारी नव्हे; मतदारांनी थेट निवडलेला तो प्रतिनिधी. दलाचा प्रमुख ‘चीफ कॉन्स्टेबल’ वेगळा. आयुक्ताने पोलीस आणि गुन्हे आराखडा करायचा, अंदाजपत्रक आणि स्थानिक करातला पोलिसांचा वाटा ठरवायचा, प्रमुख नेमायचा, आणि वेळ पडली तर त्याला पायउतार व्हायला सांगायचे. रोजच्या कारवाईत मात्र लुडबूड करायची नाही. आयुक्तावर नजर ठेवायला स्थानिक परिषदांच्या सदस्यांचे पॅनेल दिले. नेमणूक आणि करवाढ दोन तृतीयांश मतांनी नाकारण्यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही नव्हते.

पहिली निवडणूक १५ नोव्हेंबर २०१२ रोजी झाली आणि मतदान जेमतेम १५ टक्के झाले. वेल्समधील एका मतदान केंद्रावर तर दिवसभरात एकही मतदार फिरकला नाही. एवढ्या तुटपुंज्या मतांवर संमतीचा दावा उभा करणे अवघड होते. त्याहून गंभीर दोष दोन वर्षांनी साउथ यॉर्कशायरमध्ये दिसला. रॉदरहॅममध्ये १९९७ ते २०१३ या काळात अंदाजे १,४०० मुलांचे लैंगिक शोषण झाल्याचा अहवाल ऑगस्ट २०१४ मध्ये आला. तेथील आयुक्त शॉन राइट हे त्यातली काही वर्षे परिषदेत बालसेवा विभागाची जबाबदारी सांभाळत होते. पंतप्रधानांपासून गृहमंत्र्यांपर्यंत सर्वांनी राजीनामा मागितला, पण कायद्यात त्यांना हटवण्याची वाटच नव्हती. सप्टेंबरमध्ये ते स्वतःहून गेले, म्हणून प्रश्न मिटला.

प्रमुखाला हटवण्याच्या अधिकाराचा कस मात्र न्यायालयात लागला. हिल्सबरो फुटबॉल मैदानावरील दुर्घटनेच्या मृत्यूचौकशीत पोलिसांवर ठपका ठेवणारा निकाल २६ एप्रिल २०१६ रोजी लागला. दुसऱ्याच दिवशी साउथ यॉर्कशायरचे नवे आयुक्त ॲलन बिलिंग्ज यांनी प्रमुख डेव्हिड क्रॉम्प्टन यांना निलंबित केले. लोकक्षोभ खरा होता आणि समजण्याजोगाही. पण पोलीस निरीक्षण संस्थेच्या प्रमुखांनी बडतर्फीच्या विरोधात मत दिले होते. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने क्रॉम्प्टन यांना पद सोडायला लावणारा निर्णय बेकायदा ठरवून रद्द केला. त्याआधी २०१३ मध्ये लिंकनशायरच्या आयुक्ताने केलेले प्रमुखाचे निलंबनही न्यायालयात टिकले नव्हते.

या प्रकरणांतून सीमारेषा कोठे आखावी याचा अंदाज येतो. ‘धोरण’ लोकप्रतिनिधींचे आणि ‘कारवाई’ पोलिसांची, ही रूढ विभागणी पुरेशी नाही. रस्त्यात थांबवून झडती घेणे ही कारवाई आहे, पण ती कोणत्या वस्तीत, किती वेळा आणि कोणत्या संशयावर घ्यायची हे धोरणच आहे. त्यापेक्षा रूसोने कायद्याबद्दल केलेला भेद उपयोगी पडतो: लोकेच्छेचा विषय नेहमी सर्वसाधारण असावा, ती एखाद्या व्यक्तीवर रोखली गेली की तिचे स्वरूप बिघडते. त्यानुसार लोकप्रतिनिधी झडतीचे सर्वसाधारण नियम ठरवू शकतो, आकडे जाहीर करायला लावू शकतो, घरगुती हिंसेच्या तक्रारींना प्राधान्य द्या असे म्हणू शकतो. अमक्याला उचला किंवा तमक्याला सोडा, हे सांगण्याचा अधिकार त्याला कितीही मते मिळाली तरी येत नाही.

प्रमुखाला हटवण्याचा निर्णय या भेदात सहज बसत नाही. तो एका व्यक्तीविषयी असतो, तरी त्याचे परिणाम साऱ्या दलावर होतात. महाराष्ट्राच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. उघड आदेश न देताही बदलीची नुसती शक्यता पुरेशी ठरते. म्हणून हा अधिकार लोकप्रतिनिधीकडे ठेवायचा तर त्याला लेखी कारणे, प्रमुखाचे म्हणणे ऐकणे, स्वतंत्र संस्थेचे मत आणि न्यायालयीन तपासणी यांचे कुंपण हवे. त्या लोकप्रतिनिधीलाही मुदत संपण्यापूर्वी हटवण्याची तरतूद हवी.

संमतीचा पाया कायदा पाळणाऱ्यांच्या बहुमतापुरता असला तर तोही डळमळतो. अमेरिकेत अनेक ठिकाणी शेरीफ थेट निवडून येतो आणि दलही तोच चालवतो. ॲरिझोनातील मॅरिकोपा काउंटीत जो अर्पायो १९९३ पासून २०१६ पर्यंत त्या पदावर होते. त्यांचे दल लॅटिनो लोकांना वंशाच्या आधारे अडवते, असे संघीय न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले. मतदारांनी त्यांना पुन्हापुन्हा निवडले होते, आणि ज्यांना रस्त्यात अडवले जात होते त्यांच्यापैकी अनेकांना मताचा अधिकारच नव्हता. मतपेटी येथे संरक्षण देऊ शकत नव्हती, ते न्यायालयानेच दिले. शिकागोने वेगळी वाट धरली. २०२३ मध्ये तेथील २२ पोलीस जिल्ह्यांत प्रत्येकी तीन सदस्यांच्या परिषदा निवडल्या गेल्या. त्यांचे काम वस्तीचे म्हणणे मांडण्याचे आणि शहराच्या आयोगासाठी नावे सुचवण्याचे. दलाची सूत्रे त्यांच्याकडे नाहीत.

भारतात स्थानिक लोकनियुक्त अंकुश हा प्रश्न कधी फारसा उभाच राहिला नाही. ज्या ब्रिटिश राज्यकर्त्यांनी आपल्या शहरांत पोलीस नगरसेवकांकडे दिले, त्यांनीच १८६१ च्या कायद्याने येथे ते प्रांतिक सरकार आणि जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या हाती ठेवले. १८५७ नंतर संमतीपेक्षा बंदोबस्ताची निकड त्यांना अधिक वाटत होती. आजही महापालिकेचा वा जिल्हा परिषदेचा पोलीस ठाण्यावर अधिकार चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ रोजी दिलेल्या निर्देशांत राज्य सुरक्षा आयोगाने व्यापक धोरण ठरवावे, महासंचालकाला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ मिळावा आणि तक्रारींसाठी राज्य व जिल्हा पातळीवर प्राधिकरणे असावीत असे सांगितले. सर्वसाधारण आणि व्यक्तिगत यांतला भेद या आराखड्यातही आहे, फक्त त्यात स्थानिक मतदाराला जागा नाही.

इंग्लंडमधील आयुक्तपद सध्याची मुदत संपताच, म्हणजे मे २०२८ मध्ये, बंद करण्याचे तेथील सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. अधिकार शक्य तेथे महापौरांकडे आणि इतरत्र स्थानिक परिषदांच्या नेत्यांच्या मंडळांकडे जायचे आहेत. महापौराला जादा मते मिळतात, त्यामुळे संमतीची बाजू काहीशी भक्कम होईल. पण ज्याच्या हाती वाहतूक, घरबांधणी आणि पोलीस असे सारेच आहे, त्याला केवळ पोलिसांच्या कामगिरीवरून पाडणे मतदाराला अधिक कठीण जाईल.